'मोदक' आणि 'बालू' फॉन्ट वापरताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की मंडळांच्या फ्लेक्सवर आणि मिठाईच्या खोक्यांवर जाड, गोलमटोल अक्षरं हवीच असतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'मोदक' आणि 'बालू' हे त्यासाठी फार गुणी फॉन्ट आहेत. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, परवाना खुला असल्याने धंद्याच्या कामालाही बिनधास्त वापरता येतात. तरीही डिझाइन फसतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आपण मारून टाकतो.

मोदकमध्ये ही जागा म्हणजे केसाएवढी फट. अक्षर ओळखू येतं ते त्या फटीमुळेच. 'बटाटेवडा' लिहून आकार कमी करत जा. पहिला 'ब' आणि चौथा 'व' कुठल्या क्षणी सारखे दिसायला लागतात ते बघा. त्या आकाराच्या खाली मोदक वापरायचाच नाही. पत्ता, फोन नंबर, कार्यक्रमपत्रिका यांना 'मुक्त'सारखा साधा फॉन्ट घ्या. स्क्रीनवर मोठं करून पाहिलेलं खरं धरू नका. छपाईत शाई पसरते, त्यामुळे प्रत्यक्ष मापाचा प्रिंट काढूनच ठरवा.

सगळ्यात जास्त नुकसान बोल्डचं बटण करतं. मोदकला एकच वजन, म्हणजे एकच जाडी आहे. बोल्ड दाबलं की सॉफ्टवेअर अक्षर आपल्या मनाने फुगवतं आणि फटी बुजतात. वेबसाइटवर तर हे न सांगताच होतं, कारण ब्राउझर शीर्षकं मुळातच बोल्ड करतो. तिथे सीएसएसमध्ये (पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये) फॉन्ट-वेट ४०० लिहून टाका. जाडी कमी-जास्त हवी असेल तर 'बालू २' घ्या. त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं आहेत.

आउटलाइनचंही तसंच. फ्लेक्सवाल्यांना ती लागतेच, पण साधी आउटलाइन अर्धी बाहेर आणि अर्धी अक्षराच्या आत येते. कोरलड्रॉमध्ये 'बिहाइंड फिल' करा, फोटोशॉपमध्ये स्ट्रोकची पोझिशन 'आउटसाइड' ठेवा.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन लिपीत ते खपून जातं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. शब्द ऐसपैस हवा असेल तर आकार वाढवा.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेल्या मॅटरला थेट हे फॉन्ट लावले की भलतीच अक्षरं उमटतात. मॅटर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. इनडिझाइनमध्ये ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसत असेल, जोडाक्षरं फुटत असतील, तर फॉन्टला दोष देऊ नका. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा.

आणि कृपा करून 'भावपूर्ण श्रद्धांजली' या अक्षरांत लिहू नका. हा हसरा, खेळकर वळणाचा फॉन्ट आहे. बालनाट्य, खाऊची पाकिटं, शाळेचं स्नेहसंमेलन, लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ इथे तो खुलतो. दुःखाच्या फलकावर त्याचं गुबगुबीत रूप घरच्यांना टोचतं.

दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या, रफार एकमेकांवर चढतात. ओळींमधलं अंतर आकाराच्या दीडपटीपासून सुरू करा आणि 'मूर्ती'खाली 'कीर्ती' लिहून तपासा.