रोजची वेबसाइट टॅबमधून बाहेर काढा
वीस टॅबच्या गर्दीत जीमेल शोधत बसू नका, त्याला स्वतंत्र अ‍ॅपच करून टाका. विंडोजवर एज ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, वरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून ‘अ‍ॅप्स’मध्ये जा (ते ‘मोअर टूल्स’खालीही असू शकतं) आणि साइट अ‍ॅप म्हणून इन्स्टॉल करा. आता अ‍ॅड्रेस बार नाही, टॅब नाहीत. फक्त तुमची मेल. टास्कबारवर पिन केलंत की एका क्लिकचं काम. क्रोममध्येही तीन ठिपक्यांतच हा पर्याय सापडतो, आणि तो लिनक्सवरही चालतो. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांना तर अशी अ‍ॅप्स बनवणारं ‘वेब अ‍ॅप्स’ आयतंच मिळतं.

मॅकवर सोनोमा या आवृत्तीपासून (२०२३) सफारीच्या ‘फाइल’ मेनूत ‘अ‍ॅड टू डॉक’ आहे. मला हीच सोय सर्वांत आवडते, कारण या अ‍ॅपच्या कुकीज (लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) सफारीपासून वेगळ्या राहतात. ऑफिसचं आणि घरचं लॉगिन एकमेकांत मिसळत नाही.