लँडलाइन काढून नुसतं नेट घ्यायचंय? आधी क्रम ठरवा

पाऊस लागला की आमच्या ठाण्याच्या घरातल्या फोनवर खरखर सुरू व्हायची. त्याच तांब्याच्या तारेवरून नेट येत असल्याने तेही दिवसातून चार-पाचदा जायचं. लाइनमन यायचा, जिन्याखालच्या पेटीत तारेची टोकं खरवडून पुन्हा पिळायचा, की आठ दिवस बरे जायचे. शेवटी फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं नेट घेतलं आणि लँडलाइनला रजा दिली. काम खरं तर एका दुपारचं. पण आम्ही ते उलट्या क्रमाने केलं आणि दोन महिने निस्तरत बसलो.

आमची चूक अशी की जुनं कनेक्शन आधी बंद केलं. लँडलाइनवरच्या ब्रॉडबँडमध्ये फोन आणि नेट एकाच जोडतारेवर असतं, त्यामुळे फोन बंद करायचा अर्ज दिला की नेटही जातं. तेव्हा नवं कनेक्शन घ्या, ते निदान पंधरा दिवस चालवून बघा आणि मगच जुन्याला हात लावा. एखाद्या महिन्याचं भाडं दुहेरी पडेल, ते पडू द्या.

नंबर कुठे कुठे नोंदलाय?

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. फोनशेजारी एक वही ठेवा आणि महिनाभर कोणाकोणाचे फोन येतात ते लिहा. आम्ही हे केलं नाही. गॅस एजन्सीत तोच नंबर होता. नंबर गेल्यावर सिलिंडर बुक होईना आणि आईला एजन्सीत दोन खेपा घालाव्या लागल्या. बँक, विमा, सोसायटीचं रजिस्टर, डॉक्टरांकडचा कागद, परदेशातले नातेवाईक, सगळीकडे मोबाइल नंबर कळवा. फोनचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून कुठे दिलं असेल तर तेही आठवून ठेवा. कनेक्शनबरोबर मिळालेला ईमेल पत्ता कुणी अजून वापरत असेल, तर त्यातली पत्रं आधी दुसरीकडे हलवा.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, लँडलाइनचं तसं नाही. नंबर राखायचाच असेल तर आहे त्याच कंपनीचं फायबर तुमच्या गल्लीत आलंय का आणि जुना नंबर त्यावर चढवता येईल का, हे त्यांच्या कार्यालयात विचारा.

आणखी एक गोष्ट, घरात वयस्कर माणसं असतील तर फारच महत्त्वाची. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजमधूनच सुमारे 48 व्होल्टची वीज मिळते, म्हणून घरातली लाइट गेली तरी साधा फोन चालू राहतो. फायबरमधून फक्त प्रकाश येतो, वीज येत नाही. लाइट गेली की फायबरचा डबा (तार ज्याला जोडतात तो घरातला मोडेम) बंद, नेट बंद आणि त्यावर फोन जोडला असेल तर तोही बंद. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. मात्र आधी डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचा.

कोणाचं कनेक्शन घ्यावं?

जाहिरात बघू नका, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला विचारा. प्रश्न एवढाच : रात्री नऊ-दहाला कसं चालतं?

नंतर कंपनीच्या माणसाला किंवा केबलवाल्याला विचारा की फायबर थेट घरात येणार, की गच्चीवरच्या पेटीपर्यंतच फायबर आणि तिथून घरात लॅनची वायर. दोन्हीला सर्रास ‘फायबर’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात इमारतीची लाइट गेली की गच्चीवरच्या पेटीतला स्विच (घरोघरी नेट वाटणारं यंत्र) बंद पडतो आणि तुमचा इन्व्हर्टर नुसता बघत बसतो. वीज कडाडली की पोर्ट जळायची भीती असते ती वेगळीच. शक्यतो थेट घरात येणारं घ्या.

दर विचारताना 18 टक्के जीएसटी धरून आकडा मागा. डब्याची अनामत किती, परत कधी मिळणार, आणि ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती राहणार, हेही विचारा. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतं, पण पहिल्यांदा महिन्याचाच प्लॅन घ्या. फोनची सोय नको असेल तर अर्ज भरतानाच सांगा. काही प्लॅनमध्ये ती जोडूनच येते, काढली तरी पैसे कमी होत नाहीत. मग असली काय, नसली काय.

जोडणीच्या दिवशी

डबा कुठे बसवायचा ते तुम्ही ठरवा. जोडणीला आलेल्या माणसाला सोपी जागा दाराशी असते, तुम्हाला हवी ती घराच्या मध्यावर. फायबरची तार आत काचेची असते. कोपऱ्यात करकचून वळवली किंवा वर खिळा ठोकला तर सिग्नल मरतो. खिडकीतून आत घेताना तार बाहेर थोडी खाली लोंबती ठेवायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून आत न येता तिथेच ठिबकतं.

माणूस निघण्याआधी त्याच्याकडून ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे तारेतून डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो याचा आकडा बघून घ्या. तो डीबीएम या एककात असतो. उणे 15 ते उणे 25 डीबीएमच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे 27 च्या आसपास गेला असेल तर जोड पुन्हा करायला लावा. पुढे कधी डब्यावर लाल दिवा लागला तर बहुधा तार तुटलीय. डबा बंद-चालू करत बसू नका, तक्रार नोंदवा.

तांब्याच्या तारेवरचा जुना एडीएसएल मोडेम इथे चालत नाही. पण त्याचं वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्या राउटरला जसेच्या तसे द्या. घरातले फोन, टीव्ही, प्रिंटर बहुतेक आपोआप जोडले जातात आणि ‘नवा पासवर्ड काय?’ ही हाक ऐकावी लागत नाही.

वेग तपासायचा तर लॅपटॉप लॅनच्या वायरने जोडून तपासा. शंभर एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने सेकंदाला साधारण बारा मेगाबाइट, हे लक्षात असलं की फाइल उतरवताना फसल्यासारखं वाटत नाही.

आता जुनं बंद करा

तोंडी नको, लेखी. अर्ज, शेवटचं भरलेलं बिल आणि ओळखपत्राची प्रत घेऊन जा, कंपनीचा मोडेम आणि फोन परत करा. प्रत्येक वस्तूची पोचपावती घ्या, तीवर तारीख आणि शिक्का हवा. आम्ही पावती घेतली नव्हती. बंद झालेल्या फोनची दोन बिलं आली आणि मोडेम परत दिल्याचं पटवायला तीन फेऱ्या झाल्या. अनामतीसाठी बँकेचा तपशील त्याच अर्जात लिहा. बिल खात्यातून आपोआप कापलं जात असेल, तर शेवटचा हिशेब मिटला की बँकेत जाऊन किंवा ॲपमधून ती सोय स्वतः बंद करा.