कडुनिंबाच्या फांदीची शिट्टी कशी करावी

आंब्याच्या रुजलेल्या कोयीची पिपाणी दगडावर घासून वाजवलेली नाही, असा माणूस मराठवाड्याच्या खेड्यांतील जुन्या पिढीत क्वचितच सापडेल. त्या पिपाणीत कोयीच्या दोन दळांच्या कडा थरथरतात, म्हणून ती ओबडधोबड घासली तरी काहीतरी आवाज काढतेच. लाकडी शिट्टीचे तसे नाही. तिच्यात लाकडाचा कोणताही भाग हलत नाही. अरुंद फटीतून निघालेला हवेचा पातळ पट्टा समोरच्या धारेवर जातो, क्षणात धारेच्या वरून बाहेर पडतो आणि क्षणात खालून पोकळीत शिरतो. हा फेरपालट सेकंदाला हजार-दोन हजार वेळा होऊ लागला की पोकळीतील हवा घुमते आणि शिट्टी वाजते. त्यामुळे बाहेरून शिट्टी कितीही वाकडीतिकडी असली तरी चालते, मात्र फट आणि धार यांच्यामधील दोन-तीन मिलिमीटर जागा नेमकी असावी लागते. पुढील कृतीत त्याच जागेला सर्वांत जास्त वेळ दिलेला आहे.

फांदी कोणती घ्यावी

शिट्टी तोंडात धरायची असल्याने लाकडाचा पहिला निकष विषारी नसण्याचा आहे. कण्हेर, रुई, शेर, एरंड आणि ओढ्याकाठी माजलेली बेशरम यांच्या फांद्या सरळ व सहज मिळणाऱ्या असल्या तरी त्या अजिबात घेऊ नयेत. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात, आणि रुईचा व शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करतो.

कडुनिंब आपल्याकडे बांधावर आणि दारात असतोच, त्याची काडी पिढ्यान्‌पिढ्या दातवण म्हणून तोंडात घातली गेली आहे, आणि त्याचे लाकूड कोरण्याइतके मऊ व धार टिकवण्याइतके कठीण असते. कडवटपणाची तक्रार लहान मुले करतात, ती पहिल्या दिवसापुरती असते. बाभूळही चालते, परंतु ती वाळल्यावर चाकूला दाद देत नाही. शेवगा दिसायला सोपा वाटतो, मात्र त्याची धार लगेच भुसभुशीत होते, म्हणून तो वगळावा. ज्यांना कोरकाम टाळायचे आहे त्यांनी वेळूचे बारीक कांडे घ्यावे: एका बाजूचे पेर बंद ठेवले की पोकळी आयती मिळते आणि पुढील कृती खाचेपासून सुरू करता येते.

फांदी अंगठ्याएवढी, म्हणजे १८ ते २० मिलिमीटर जाड, सरळ आणि बिनगाठीची असावी. ती स्वतःच्या झाडाची किंवा छाटणीत पडलेली घ्यावी. शिट्टीसाठी उभे झाड तोडण्याचे कारण नाही. फांदीचे १० सेंटिमीटर लांबीपेक्षा थोडे मोठे तुकडे करून दोन्ही टोकांना मेणबत्तीचे मेण लावावे आणि ते दोन ते तीन आठवडे सावलीत ठेवावेत. मेण न लावल्यास टोकांतून ओल झपाट्याने उडते आणि लाकूड उभे तडकते. उन्हाळ्यात तर एका दुपारीत तडा जातो.

पोकळी कोरणे

लागणारी हत्यारे मोजकीच आहेत: बारीक दात्यांची करवत, चांगली धार लावलेला चाकू, ८ मिलिमीटरचे पाते बसवलेले हाताने फिरवायचे ड्रिल किंवा सुताराचे गिरमीट, एक बारीक कानस आणि पॉलिश पेपर. शिकंजा असल्यास काम सुरक्षित होते. तो नसेल तर तुकडा दोन फळ्यांमध्ये दोरीने घट्ट आवळावा, पण हातात धरून भोक पाडू नये, कारण पाते घसरले की ते थेट तळहातात जाते.

तुकड्याचे एक टोक काटकोनात कापून घ्यावे. मध्यभागी मऊ गाभ्याचा ठिपका दिसतो. त्यावर खिळ्याने खोलगा करून पाते टेकवावे. गाभा मऊ असल्याने पाते त्याच्याच वाटेने चालते, आणि फांदी सरळ असेल तर भोकही सरळ पडते. पात्यावर ६ सेंटिमीटर अंतरावर चिकटपट्टी गुंडाळून खूण करावी आणि तिथेच थांबावे, कारण दुसरे टोक बंद राहणे आवश्यक आहे. प्रत्येक सेंटिमीटरनंतर पाते बाहेर काढून भुसा झटकावा, अन्यथा आत भुसा दाटून लाकूड फाटते. शेवटी पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून आतील भिंत गुळगुळीत करावी.

खाच आणि धार

उघड्या टोकापासून २ सेंटिमीटर अंतरावर करवतीने सरळ उभा काप घ्यावा. भिंतीची जाडी पाच-सहा मिलिमीटर असते. काप ती ओलांडून पोकळीत एक-दोन मिलिमीटर उतरेल इतकाच खोल असावा. त्यानंतर बंद टोकाकडून या कापाच्या दिशेने चाकूने उतार तासत यावे. हा उतार साधारण ४५ अंशांचा असावा आणि त्याच्या तळाशी, पोकळीच्या तोंडावर, पातळ सरळ धार तयार झाली पाहिजे. उभ्या कापापासून या धारेचे अंतर आधी २ मिलिमीटर ठेवावे. गरज पडल्यास ते ३ मिलिमीटरपर्यंत वाढवता येते. वाढलेले अंतर कमी करण्याचा मात्र उपाय नाही. एकदम मोठी ढलपी उडवण्याचा मोह आवरत नाही, आणि माझ्या पहिल्या तीन शिट्ट्या त्याच मोहापायी गप्प राहिल्या.

धारेवर राहिलेले तंतू कानशीने आतून बाहेर अशा दिशेने काढावेत. बोटाने चाचपले असता ती कापणारी नसावी, पण बोथटही नसावी.

दट्ट्या बसवणे

आता दट्ट्यासाठी, म्हणजे भोकाच्या उघड्या तोंडात बसणाऱ्या बुचासाठी, त्याच लाकडाची एक वाळलेली काडी तासून गोल करावी. ती भोकात हाताने दाबल्यावर घट्ट बसावी आणि सहज फिरू नये. दुसऱ्या लाकडाचा दट्ट्या घेतल्यास थुंकीच्या ओलीने तो वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि कधी सैल होतो, तर कधी शिट्टी फाडतो. काडी ७-८ सेंटिमीटर लांब ठेवावी, म्हणजे जुळवणी करताना धरायला मूठ राहते.

काडीच्या पुढच्या २ सेंटिमीटर भागावर वरच्या बाजूने १ मिलिमीटर लाकूड सपाट तासून काढावे. ही सपाट बाजू आणि भोकाचे छत यांच्यामधील जागा म्हणजेच फुंकेची फट होय. काडी आत सरकवून तिचे पुढचे टोक उभ्या कापाशी अगदी बरोबरीने आणावे आणि सपाट बाजू खाचेकडे राहील असे पाहावे. शिट्टी उजेडाकडे धरून फटीतून पाहिले असता पलीकडे धारेची रेघ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर हवाही तिथे पोहोचत नाही.

हलकी फुंकर घालून पाहावी. नुसता फुसफुस आवाज आला, तर बहुधा फट फार उंच झालेली असते किंवा हवा धारेला चुकवून जाते. काडी केसभर पुढे-मागे करून आणि किंचित फिरवून पाहावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर नवी काडी तासावी. जोरात फुंकल्यावरच किंचाळी येत असेल, तर खाच लांब झाली असण्याची शक्यता असते. आवाज येतो पण क्षीण येतो, अशा वेळी दट्ट्याच्या बाजूंनी हवा निसटत असते. पाच-सहा फुंकरांनंतर आवाज बसला, तर फटीत ओल साचली आहे असे समजावे: खाच बोटाने झाकून जोरात फुंकले की ती मोकळी होते.

आवाज मनासारखा झाल्यावर काडीवर खूण करावी, ती बाहेर काढून खालच्या बाजूला लाकडाचा गोंद अगदी पुसटसा लावावा आणि पुन्हा खुणेवर बसवावी. लहान मुलांसाठी शिट्टी करताना हा गोंद अनिवार्य मानावा, कारण सुटलेला दट्ट्या घशात जाऊ शकतो. गोंद वाळल्यावर मूठ कापून टाकावी आणि ओठांना बसेल असा खालून तिरपा छेद द्यावा.

दट्ट्याच्या आतील टोकापासून बंद टोकापर्यंत ४ सेंटिमीटर पोकळी राहिली असेल, तर ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत, जिथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, हिशेबाने सुमारे २,१८० हर्ट्‌झचा स्वर मिळतो. प्रत्यक्षात तो थोडा खाली असतो. एका बाजूने बंद पोकळीत ध्वनीच्या लहरीचा फक्त पाव भाग मावतो, म्हणून इतकी लहान नळी हे काम करते. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे हुरड्याच्या दिवसांत ज्वारी राखताना ही शिट्टी दूरच्या बांधावरच्या माणसाला स्पष्ट ऐकू जाते. पोकळी ६ सेंटिमीटर केली की स्वर जवळपास १,४५० हर्ट्‌झवर उतरतो.

तेल देताना खोबरेल वापरू नये, कारण ते वाळत नाही आणि धूळ धरते. करडईचे तेल वाळणाऱ्या तेलांत मोडते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखा वाण दिलेल्या या प्रदेशात ते मिळणे अवघड नाही. बाहेरून पातळ हात देऊन कापडाने पुसावे आणि शिट्टी आठवडाभर हवेशीर ठेवावी. फटीत व धारेवर तेल जाऊ देऊ नये. व्हार्निश आणि रंग पूर्णपणे टाळावेत.

ओल्या सालीची शिट्टी

ड्रिल नसल्यास पावसाळ्यात दुसरी रीत जमते. मोसंबीला डोळे भरणाऱ्यांना, म्हणजे तिच्यावर कलम बांधणाऱ्यांना, ‘साल सुटणे’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही: या दिवसांत ओली साल लाकडापासून सहज सुटी होते. नदीकाठच्या वाळुंजाची किंवा रेशीम अळ्यांनी पाने खाल्लेल्या तुतीची ताजी, बोटाएवढी काडी त्याच अवस्थेत घ्यावी. तोंडाकडे तिरपा छेद द्यावा, २ सेंटिमीटरवर खाच पाडावी आणि ८ सेंटिमीटरवर सालीला गोल चीर द्यावी. काडी पाण्यात भिजवून चाकूच्या मुठीने सर्व बाजूंनी हळूहळू ठोकावी आणि दोन्ही हातांनी पिळावी, म्हणजे साल अखंड नळीसारखी निघते. उघड्या लाकडावर तोंडापासून खाचेपर्यंत १ मिलिमीटर सपाटी करावी, खाचेपुढील ४ सेंटिमीटर भाग निम्म्या जाडीपर्यंत कोरावा आणि साल पुन्हा चढवावी. ही शिट्टी वापरात नसताना पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवावी. साल वाळून आक्रसली की आवाज जातो, आणि तेव्हा नवी काडी घेणेच सोयीचे पडते.