विमान कंपन्यांचे विलीनीकरण : काढलेले तिकीट आणि साठवलेले माइल्स कसे सांभाळावेत

पुसदच्या बाजारपेठेत मी बरीच वर्षे रेल्वेची, बसची आणि विमानाची तिकिटे काढून देतो. विमानाने जाणारे माझे बहुतेक ग्राहक शेतकरी कुटुंबांतले आहेत. मुलगा किंवा मुलगी दिल्ली, बंगळूर किंवा आखाती देशात नोकरीला असते आणि सुगी आटोपली की आईवडील तिकडे जातात. विमान कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होणार अशी बातमी आली की यांचा पहिला प्रश्न एकच असतो : आमचे पैसे बुडाले का?

पैसे बुडत नाहीत. विलीनीकरणात जुन्या कंपनीची देणी आणि करार नव्या कंपनीकडे जातात, आणि पैसे भरून काढलेले तिकीट हा करारच असतो. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा त्या दिवसापासून पुढच्या प्रवासाची विस्ताराची तिकिटे एअर इंडियाच्या नावावर वर्ग झाली. बदलला तो उड्डाणाचा क्रमांक. ‘यूके 955’ हे उड्डाण ‘एआय 2955’ झाले. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला एआयएक्स कनेक्ट, म्हणजे पूर्वीची एअरएशिया इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये मिसळली आणि तिच्या उड्डाणांचा ‘आय5’ हा संकेत जाऊन ‘आयएक्स’ आला. हातातल्या कागदावर जुने नाव आणि विमानतळाच्या फलकावर नवे, एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो मला एका चुकीतून कळला. आमच्या तालुक्यातल्या एका वयस्क दांपत्याला नातवाच्या बारशाला जायचे होते. तिकीट मीच काढले आणि नेहमीच्या सवयीने संपर्कासाठी माझाच मोबाइल क्रमांक टाकला. पुढे कंपन्या एकत्र आल्या, वेळापत्रक नव्याने लागले आणि संध्याकाळचे विमान दुपारवर आले. तसा संदेश माझ्या फोनवर आला होता, पण दिवसाला येणाऱ्या शेकडो संदेशांत तो माझ्या नजरेतून सुटला. ती दोघे सकाळच्या एस.टी.ने निघून पाच-सहा तासांनी नागपूरला उतरली आणि सोनेगावच्या विमानतळावर पोहोचली, तेव्हा विमान उडून गेले होते. काकांचा फोन आला, “भाऊ, इमान तं दुपारीच गेलं म्हन्तेत.” त्या रात्री ती दोघे गणेशपेठच्या बसस्थानकावर बसून राहिली. कंपनीने संदेश पाठवला होता, म्हणून तिच्याकडून काही मिळण्याची वाट नव्हती; दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाचे पैसे मी भरले, पण बारसे टळले ते टळलेच.

म्हणून सर्वांत आधी तिकिटावर कोणाचा मोबाइल क्रमांक आणि कोणाचा ईमेल आहे ते पाहावे. सेतू केंद्रातून, एजंटाकडून किंवा गावातल्या शिकलेल्या मुलाकडून तिकीट काढलेले असेल, तर तिथे बहुधा त्याचाच क्रमांक असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘मॅनेज बुकिंग’ या ठिकाणी पीएनआर आणि आडनाव टाकले की आरक्षण उघडते व संपर्काचा तपशील बदलता येतो. तिथे जमले नाही तर कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक नोंदवून घ्यावा. पाच मिनिटांचे हे काम आहे, आणि माझ्या मते या लेखातले सर्वांत मोलाचे.

त्यानंतर नवे ई-तिकीट मागवून ते जुन्या प्रतीशेजारी ठेवावे. ई-तिकिटाचा क्रमांक तेरा अंकी असतो आणि त्याचे पहिले तीन अंक कंपनी सांगतात. एअर इंडियाचे 098, तर विस्ताराचे 228 होते. दोन्ही कागदांवर तारीख, सुटण्याची वेळ, टर्मिनल, सामानाचे वजन आणि नावाचे स्पेलिंग एकेक करून बोट ठेवून ताडून पाहावे. टर्मिनलकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दिल्लीत किंवा मुंबईत चुकीच्या टर्मिनलवर उतरलेल्या माणसाचा तासभर सहज जातो. व्हीलचेअर, आवडीचे आसन, जेवण आणि पैसे भरून घेतलेले जादा वजन या नोंदी एका संगणक प्रणालीतून दुसरीत जाताना गळू शकतात, म्हणून त्या नव्या तिकिटावर दिसत नसतील तर पुन्हा करून घ्याव्यात. गुडघ्यांनी त्रासलेल्या आईसाठी मागितलेली व्हीलचेअर ऐनवेळी मिळाली नाही तर काय हाल होतात, हे वेगळे सांगायला नको.

वेळ बदलली किंवा उड्डाणच रद्द झाले, तर संदेशातल्या ‘स्वीकारा’ या बटणावर घाईने बोट ठेवू नये. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारे सरकारी महासंचालनालय, याच्या नियमाप्रमाणे उड्डाण रद्द झाल्यास पर्यायी विमान घ्यायचे की पैसे परत, हे प्रवासी ठरवतो. पुरेशा आधी कळवलेच नसेल, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार 5,000 ते 10,000 रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते. मात्र तिकिटावर संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नसेल तर ती मागता येत नाही. नागपूरहून दिल्ली आणि तिथून परदेश असा प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर पुढचे विमान चुकू नये याची सोय कंपनीने करायची असते. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर वेळेचा मेळ आपल्यालाच घालावा लागतो.

आपल्या भागासाठी आणखी एक खुलासा हवा. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला जाणारी अलायन्स एअर ही एअर इंडियाचीच आहे, असे अजून अनेकांना वाटते. टाटा समूहाने जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया घेतली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली, आणि 15 एप्रिल 2022 पासून तिचे आरक्षणही वेगळे झाले. तिच्या तिकिटाची विचारणा एअर इंडियाच्या खिडकीवर करून उपयोग नाही.

आता माइल्सकडे, म्हणजे विमानप्रवासाबद्दल कंपनी खात्यात जमा करते त्या पॉइंट्सकडे, वळू. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांची खाती उघडून दिलेली असतात आणि त्यांत पॉइंट्स साठत राहतात, पण खाते कोणत्या क्रमांकाचे, हेही घरात कोणाला ठाऊक नसते. विस्ताराच्या वेळी क्लब विस्ताराचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत, जिचे नाव पुढे महाराजा क्लब झाले, एकास एक या प्रमाणात गेले. हे ऐकायला चांगले वाटते. तरी पॉइंट्सची संख्या तीच राहिली म्हणून त्यांचे मोल तेच राहते असे नाही. समजा, पूर्वी एका तिकिटाला 8,000 पॉइंट्स लागत होते आणि नव्या योजनेत 10,000 लागतात, तर तुमच्या साठ्याचा पाचवा हिस्सा खात्यातून एकही पॉइंट न जाता कमी झाला. म्हणून विलीनीकरणाची तारीख जाहीर होताच जुन्या आणि नव्या योजनेत तोच प्रवास किती पॉइंट्सना पडतो ते पाहावे, आणि जुना दर स्वस्त असेल तर तारखेआधीच तिकीट काढून मोकळे व्हावे. फायदा उलट दिशेनेही होऊ शकतो. विस्तारा स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात नव्हती, एअर इंडिया 2014 पासून आहे, त्यामुळे त्याच पॉइंट्सना इतर अनेक कंपन्यांची विमाने खुली झाली.

दोन्ही योजनांत खाती असतील तर नाव, जन्मतारीख, मोबाइल आणि ईमेल दोन्हीकडे अक्षरशः सारखे करावेत. एकीकडे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसते आडनाव असले की खाती जुळत नाहीत. शिल्लक पॉइंट्सचा, त्यांच्या मुदतीचा आणि सदस्यत्वाच्या श्रेणीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा, आणि अलीकडच्या प्रवासाचे बोर्डिंग पास पॉइंट्स जमा होईपर्यंत फेकू नयेत.

विलीनीकरण आणि कंपनी बंद पडणे यांत मात्र गल्लत करू नये. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी थांबली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. तिथे करार पुढे नेणारी दुसरी कंपनी नव्हती. अशा वेळी कार्डाने पैसे भरले असतील तर ताबडतोब बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागावा, आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत दावा दाखल करावा.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी करावी, मग विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या एअरसेवा या सरकारी पोर्टलवर. एजंटामार्फत तिकीट काढले असले तरी रिफंडची जबाबदारी कंपनीचीच असते. तिथेही दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलावे किंवा थेट जिल्हा ग्राहक आयोगात जावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे पुसदच्या माणसाला यवतमाळ पुरते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. अर्जासोबत दोन्ही तिकिटांच्या प्रती, आलेले संदेश आणि झालेल्या खर्चाच्या पावत्या, एस.टी.च्या तिकिटासकट, जोडाव्यात.