'हकलबरी फिन'वर लिहिताना या चुका टाळा

मार्क ट्वेनच्या 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन' या कादंबरीवरच्या परीक्षेतल्या उत्तरांत एक वाक्य हटकून भेटतं: 'हक उपरोधाने समाजाचं ढोंग उघडं पाडतो.' गोंधळ इथूनच सुरू होतो. गोष्ट सांगणारा तेरा-चौदा वर्षांचा हक गावभर थापा मारतो, पण वाचकाला जे सांगतो ते त्याला मनापासून पटलेलं असतं. उपरोध ट्वेनचा आहे आणि हकला त्याचा पत्ताही नाही. निवेदक आणि लेखक यांतलं हे अंतर नजरेआड झालं की पुढची प्रत्येक संज्ञा चुकीच्या जागी पडते.

एकतिसावं प्रकरण घ्या. हकसोबत तराफ्यावरून पळालेला गुलाम जिम कुठे आहे हे त्याची मालकीण मिस वॉटसन हिला कळवणारं पत्र हक लिहितो आणि पाप धुतलं गेल्यासारखा हलका होतो. मग नदीवरचे दिवस आठवतात, जिमने आपल्या वाटणीचा पहारा करून आपल्याला झोपू दिलेलं आठवतं. शेवटी तो पत्र फाडतो आणि ठरवतो, जाऊ नरकात तर नरकात. याला शाब्दिक उपरोध म्हणू नका. शाब्दिक उपरोधात बोलणाऱ्याच्या मनात एक असतं आणि ओठांवर दुसरं. हकला नरक खराच वाटतो. गुलामाला पळायला मदत करणं म्हणजे चोरी, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. तो आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम करतोय हे वाचकाला दिसतं, त्याला दिसत नाही. म्हणून हा नाट्यगत उपरोध. आणि 'हकने गुलामगिरी नाकारली' असंही लिहू नये. त्याने नियम नाकारलेला नाही, फक्त जिमला सोडलेलं नाही. माझ्या मते कादंबरीची सगळी ताकद या फरकात आहे.

उपहास आणि विडंबन यांचीही अदलाबदल होते. ग्रेंजरफोर्ड आणि शेफर्डसन ही वैरी घराणी बंदुका घेऊन चर्चमध्ये बसतात, बंधुप्रेमावरचं प्रवचन ऐकतात आणि घरी जाताना त्याची तारीफ करतात. दुसऱ्याच दिवशी मुडदे पडतात. हा उपहास, कारण नेम माणसांच्या वागण्यावर आहे. त्याच घरातल्या एमेलिनची मृतांवरची रडकी कविता हे विडंबन, कारण तिथे त्या काळच्या शोकगीतांच्या शैलीची नक्कल आहे. हकला मात्र ती कविता फार छान वाटते.

'नदी म्हणजे स्वातंत्र्याचं प्रतीक' हे वाक्य अर्धवट आहे. मिसिसिपी दक्षिणेकडे वाहते, म्हणजे गुलामगिरीच्या आणखी आत. ओहायो नदी जिथे मिसिसिपीला मिळते त्या कायरो गावी उतरून ओहायो नदीने मुक्त राज्यांत शिरायचा दोघांचा बेत असतो, पण धुक्यात कायरो मागे पडतं. तराफ्यावर मोकळं वाटतं खरं, तरी प्रत्येक मैल जिमला संकटाजवळ नेतो. पुढे तराफ्यावर आलेला 'किंग' म्हणवणारा भामटा त्याला चाळीस डॉलरांसाठी विकूनही टाकतो. हा ताण उत्तरात यायलाच हवा.

हकच्या वाढत्या वयाची गोष्ट सरळ चढत जाणारी रेघ म्हणूनही मांडू नका. पंधराव्या प्रकरणात तो जिमला फसवतो, जिम त्याला सुनावतो आणि हक त्याच्यापुढे नमून माफी मागतो. सोळाव्यात हाच मुलगा जिमला पकडून द्यायला निघतो आणि ऐनवेळी पळालेले गुलाम शोधणाऱ्यांना देवीच्या रोगाची भीती घालून परत पाठवतो. शेवटच्या प्रकरणांत तर कैदेतल्या जिमला सोडवण्याच्या, मित्र टॉम सॉयरने रचलेल्या पोरकट नाटकात तो मुकाट सामील होतो. मिस वॉटसनने मृत्युपत्रात जिमला केव्हाच मुक्त केलंय, हे टॉमला ठाऊक असतं. या शेवटावर समीक्षक आजही भांडतात. जिमला तिथे खेळणं केलंय हा आक्षेप मला रास्त वाटतो, पण तो घेताना एक प्रसंग विसरू नका: गोळी लागलेल्या टॉमसाठी जिम लपण्याची जागा सोडून डॉक्टरला मदत करतो आणि त्यामुळे पकडला जातो. हकच्या बापाचं प्रेत पाहून त्याने ते हकला दिसू दिलं नव्हतं, तेही तेव्हा आठवावं.

काळाची चूक छोटी, पण महागात पडते. पुस्तक इंग्लंडमध्ये १८८४ साली आणि अमेरिकेत १८८५ साली आलं. गोष्ट घडते त्याआधी चाळीस-पन्नास वर्षं. मधल्या यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली होती. म्हणून 'ट्वेनने गुलामगिरी बंद व्हावी यासाठी हे लिहिलं' हे विधान टिकत नाही. कायदा बदलल्यावरही माणसांच्या मनात काय उरलं होतं, याच्याशी कादंबरी जोडून पाहा. मग टॉमच्या सॅली मावशीसारखी प्रेमळ बाई बोटीवर काळा माणूस मेल्याचं ऐकून 'कुणाला लागलं नाही ते बरं' अशा अर्थाचं का बोलते, हे नेमकं मांडता येतं.