हुमणीवर सूत्रकृमी सोडले पण फरक नाही? औषधाला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

जून-जुलै आला की तीच तक्रार. हेटेरोरॅबडिटिस, म्हणजे हुमणीला मारणारे बारीक धाग्यासारखे सूत्रकृमी, सोडले, पैसे गेले आणि हुमणी, ती मातीतली अळी, उसाच्या मुळ्या खातेच आहे. अहो, हे औषध नाहीये, या कृमींची जिवंत पिल्लं आहेत, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची. या अवस्थेत त्यांचं तोंड बंद असतं, हुमणीत शिरेपर्यंत कणभरही खात नाहीत. अंगातली चरबी हीच त्यांची शिदोरी, सुक्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि ऊन, कोरड, उपासमार सगळं ती त्याच्यावरच काढतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे पावडर पाण्यात कालवून कॅनचं झाकण घट्ट लावून ठेवणं. चरबी जाळायला ऑक्सिजन लागतो. बंद कॅनमध्ये पिल्लं तळाशी थर करून बसतात, हवा संपते, मग अंगात चरबी भरलेली असून उपयोग शून्य, थोडंफार ग्लायकोजेन, म्हणजे अंगात साठवलेली साखर, आहे त्यावर काही तास निघतात आणि नंतर मरतात. वाळव्याकडचे एक ओळखीतले दादा, संध्याकाळी आळवणी करायची, म्हणजे हे पाणी उसाच्या मुळाशी ओतायचं, म्हणून कालवून ठेवलं, लाईट गेली, मोटर चालेना, म्हणून झाकण लावून कॅन रात्रभर शेडमध्ये. सकाळी तेच पाणी सोडलं आणि पंधरा दिवसांनी मला फोन, माल बोगस आहे म्हणून. नशिबाने कॅनच्या तळाचं थोडं पाणी त्यांनी बाटलीत काढून ठेवलं होतं. भिंगाखाली बघितलं तर बहुतेक सगळी सुईसारखी सरळ, ताठ, मेलेली. काय उरलं होतं सोडायला? माझी सवय सांगतो, पाणी, मोटर, माणसं सगळं तयार झाल्याशिवाय पाकीट फोडायचंच नाही, आणि कालवल्यावर काठी हातातून सोडायची नाही, ढवळत राहायचं.

दुसरी चूक, "हलतायत ना, मग चांगलीच आहेत". नाही. ताजं पिल्लू भिंगाखाली गडद, भरलेलं दिसतं कारण चरबीचे थेंब उजेड अडवतात. जुनं झालं की काचेसारखं आरपार दिसायला लागतं, वळवळतं पण हुमणी शोधून आत शिरायची ताकद उरलेली नसते. मे महिनाभर पत्र्याच्या दुकानात फळीवर पडलेला माल असाच होतो, कारण जितकी उष्णता जास्त तितका श्वास जोरात आणि चरबी लवकर खलास. म्हणून आधी तारीख बघा, माल कुठे ठेवला होता ते विचारा, स्वस्तात मिळतंय म्हणून मागच्या हंगामातलं उचलू नका.

मग फ्रीजमध्ये कोंबायचं का? तेही नको. हेटेरोरॅबडिटिसची इंडिका ही जात 1992 साली कोइमतूरच्या नमुन्यावरून नोंदली गेली, उष्ण भागातली आहे. थंडीत पेशींचं आवरण मऊ राहायला त्यातल्या चरबीची घडण बदलावी लागते आणि त्याला वेळ लागतो, एकदम 4 अंशात टाकलं तर तो मिळत नाही. 15 अंशांच्या आसपास बरं. घरात ती सोय नसेल तर आणून साठवू नका, आणलं की वापरा.

दुपारी आळवणी करणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, थांबा. हळूहळू सुकलं तर कृमी तग धरू शकतात. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत 2011 मध्ये सी. एलिगन्स या दुसऱ्या सूत्रकृमीच्या डाउअर पिल्लांवर, म्हणजे याच न खाणाऱ्या अवस्थेतल्या भाऊबंदांवर, हे दाखवलं गेलं. आधी चार दिवस 98 टक्के आर्द्रतेत ठेवली तर ती ट्रेहॅलोज नावाची साखर भरपूर बनवतात आणि मग कडक सुकणंही सोसतात. चरबीपासून साखर करायची सोय कृमींकडे आहे, आपल्याकडे नाही. पण तापलेल्या कोरड्या मातीत काही मिनिटांत सुकलं तर ती साखर कधी बनवणार? शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी मरतात ते वेगळंच. आदल्या दिवशी पाणी द्या, दिवस मावळताना सोडा, नंतर पुन्हा हलकं पाणी.

पंपाची बारीक जाळी काढून टाका. त्याच टाकीत निमॅटिसाइड, म्हणजे सूत्रकृमी मारणारं औषध, टाकू नका, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. ऑगस्ट संपल्यावर मोठ्या झालेल्या हुमणीवर सोडून चमत्काराची वाट बघू नका, लहान असतानाच गाठा.

आणि तिसऱ्या दिवशी "काहीच झालं नाही" म्हणून फोन करू नका. आठवड्याभराने बुडखा उकरा. मेलेली हुमणी विटकरी लाल दिसली आणि घाण वास येत नसेल तर ते यांचंच काम. काळी पडून सडकी असेल तर मरण्याचं कारण दुसरं.