शाळेच्या लहान मैदानावर २०० मीटरचा ट्रॅक: आखणीपासून विक्रमांच्या नोंदवहीपर्यंत

आठ लेनच्या प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकला साधारण १७७ बाय ९३ मीटर जागा लागते. शहरातल्या फारच थोड्या खासगी शाळांकडे एवढी जागा असते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या आगेमागे, क्रीडाशिक्षक २०० मीटरचा ट्रॅक आखतात आणि बऱ्याचदा तो घाईत, अंदाजाने आखला जातो. फेरी प्रत्यक्षात १९६ मीटरची भरते. त्यावर कोणीतरी ‘शालेय विक्रम’ करतो, फलकावर नाव लागतं आणि पुढच्या हंगामात तालुक्याच्या मैदानावर तोच मुलगा स्वतःच्या वेळेच्या जवळपासही पोचत नाही. त्याची मेहनत खरी असते, आपण मोजलेला आकडा चुकलेला असतो. पुढची सगळी खटपट तो आकडा खरा ठरावा यासाठी आहे.

जागा आणि त्रिज्या

आधी मैदानाची लांबी-रुंदी मोजा आणि सरळ बाजू किती ठेवता येईल ते ठरवा. त्रिज्येचं सूत्र सोपं आहे: १०० मधून सरळ बाजूची लांबी वजा करा, ३.१४१६ ने भागा आणि उत्तरातून ०.२० वजा करा. सरळ बाजू ५० मीटर असेल तर त्रिज्या १५.७१५ मीटर येते. १.२२ मीटरच्या चार लेन धरल्या तर एकूण जागा ९१.२ बाय ४१.२ मीटर लागते. मैदान लांबीला कमी आणि रुंदीला जास्त असेल तर सरळ बाजू ४० घ्या. मग त्रिज्या १८.९० आणि जागा ८७.६ बाय ४७.६ मीटर होते. यापलीकडे कडेने निदान एक मीटर मोकळा हवा. कंपाउंडची भिंत किंवा बास्केटबॉलचा खांब चौथ्या लेनला खेटून असेल तर तीनच लेन आखा.

ते ०.२० कशासाठी, हे नीट समजून घ्या, कारण चुका इथेच सुरू होतात. धावणारा रेषेवरून धावत नाही, रेषेपासून थोडा बाहेरून धावतो. आतल्या कडेला उंच कठडा, म्हणजे कर्ब, असेल तर अंतर कर्बपासून ३० सेंटीमीटर बाहेर मोजतात आणि नुसती फक्कीची रेषा असेल तर २० सेंटीमीटर बाहेर. शाळेच्या मैदानावर कर्ब नसतोच, त्यामुळे आपल्यासाठी २० हाच आकडा. ‘पाय’चं (π) मूल्य ३.१४ धरलंत तर फेरीत सुमारे ५ सेंटीमीटर वाढतात, तेवढं चालेल. पण त्रिज्या सुती दोरीने किंवा सुतळीने फिरवू नका. दोरी ताणते, सकाळच्या दवाने आखडते आणि त्रिज्येत १ सेंटीमीटर चुकलं की फेरीत सव्वासहा सेंटीमीटर चुकतात. बारीक बाइंडिंग वायर वापरा किंवा स्टीलचा टेप.

आखणी

हे काम तीन माणसांचं आणि एका सकाळचं आहे. मैदानाच्या मधोमध लांबीला समांतर सुतळी ताणा आणि तिच्यावर ५० मीटर अंतरावर दोन केंद्रबिंदू घ्या. प्रत्येक केंद्राशी काटकोन करून दोन्ही बाजूंना १५.७१५ मीटरवर खुंटी ठोका. काटकोनासाठी ३-४-५ चा त्रिकोण सगळ्यांना माहीत असतो, पण तो ३-४-५ मीटरचा न घेता ९-१२-१५ मीटरचा घ्या, लहान त्रिकोणातली बारीकशी चूक पुढे मोठी होते. चार खुंट्या झाल्या की कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ५९.०६ मीटर भरले पाहिजेत. दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर फक्कीला हात लावू नका, खुंट्या पुन्हा मोजा.

मग दोन्ही केंद्रांवरून वायर फिरवून अर्धवर्तुळं काढा. पाच रेषांच्या त्रिज्या अशा: १५.७१५, १६.९३५, १८.१५५, १९.३७५ आणि २०.५९५ मीटर. वायरचं टोक रेषेची बाहेरची कड दाखवतं. ५ सेंटीमीटर रुंदीची फक्की त्या कडेच्या आत टाकायची. लेनच्या १.२२ मीटरमध्ये उजवीकडची रेषा धरलेली असते, हे लक्षात ठेवलं की पाचही रेषांना एकच नियम पुरतो.

पाच रेषांची मिळून लांबी सुमारे १,०७० मीटर होते. फक्की किती आणायची याचा अंदाज दुकानदाराला विचारू नका. दहा मीटर रेषा आखून लागलेली फक्की तोला आणि १०७ ने गुणा. आणि ही फक्की म्हणजे खडूची किंवा चुनखडीची भुकटीच हवी. स्वस्त पडतो म्हणून कळीचा चुना मुळीच वापरू नका. ओल्या अंगाला तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. मुलं याच मैदानावर पडतात, लोळतात.

दोन्ही केंद्रांवर लोखंडी पाइपचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवून जमिनीच्या पातळीखाली दोन इंच गाडून ठेवा, वर माती लोटा. पाइपची जागा भिंतीच्या दोन ठरावीक खांबांपासून मोजून लिहून ठेवलीत तर पुढच्या वर्षी निम्मं काम वाचतं.

स्टॅगर

बाहेरच्या लेनला वळणावर जास्त अंतर पडतं, म्हणून तिची सुरुवात पुढे सरकवतात. हे सरकवलेलं अंतर म्हणजे स्टॅगर. मार्किंगच्या पुस्तकांत ७.०४, १४.७०, २२.३७ हे आकडे सापडतात आणि ते जसेच्या तसे उतरवले जातात. ते कर्ब असलेल्या ट्रॅकचे आहेत. तिथे पहिली लेन ३० सेंटीमीटरवर आणि बाकीच्या २० वर मोजतात, म्हणून पहिला फरक कमी येतो. आपल्या ट्रॅकवर सगळ्याच लेन २० वर मोजलेल्या असल्याने पूर्ण फेरीचे स्टॅगर दुसऱ्या लेनला ७.६७, तिसरीला १५.३३ आणि चौथीला २३.०० मीटर येतात. पुस्तकातले आकडे वापरले तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या लेनच्या प्रत्येक मुलाला ६३ सेंटीमीटर जास्त पळावं लागतं.

हे अंतर त्या लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर, वळणाच्या कडेने मोजायचं. टेप सरळ ताणून मोजू नका. चौथ्या लेनमध्ये सरळ टेपने २३ मीटर मोजले तर वळणावरचं अंतर सुमारे २४.५८ भरतं, म्हणजे त्या मुलाला दीड मीटरहून जास्त फुकट मिळतात. दर अर्ध्या मीटरवर खिळा ठोकत टेप खिळ्यांच्या बाहेरून नेला की काम चोख होतं.

४०० मीटरला दोन्ही फेऱ्या लेनमध्ये पळवल्या तर स्टॅगर दुप्पट होतो आणि चौथ्या लेनचा मुलगा ४६ मीटर पुढे, वळणाचा बराच भाग ओलांडून, एकटाच उभा दिसतो. त्यापेक्षा पहिली दोन वळणं लेनमध्ये आणि नंतर सरळ बाजूच्या सुरुवातीला लेन सोडून आत येण्याची मोकळीक द्यावी. चौथ्या लेनचा मुलगा तिथून तिरका आत येतो, म्हणून त्याची सुरुवात आणखी १३ सेंटीमीटर पुढे घ्यावी. तिसरीला ६ पुरतात आणि दुसरीला दीड, म्हणजे नगण्य. मोकळीक जिथे मिळते तिथे झेंडे लावा, नाहीतर मुलं पहिल्याच वळणावर आत घुसतात.

१०० मीटरचा मोह मात्र टाळा. ९१ मीटरच्या मैदानात ती शर्यत बसत नाही आणि फिनिशनंतर थांबायला निदान पंधरा मीटर हवेत. भिंतीवर आपटून मनगट मोडल्याची उदाहरणं याच हट्टातून होतात. ६० मीटर पळवा आणि प्रमाणपत्रावर ६० मीटरच लिहा. या सरळ पट्ट्यावर बाहेरच्या बाजूला आणखी दोन लेन वाढवता आल्या तर वेळ खूप वाचतो: ९६ मुलं चारच्या गटाने २४ हीट होतात, सहाच्या गटाने १६. एका हीटला तीन मिनिटं धरली तर चोवीस मिनिटांचा फरक पडतो आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तो मोठा असतो. लांब पल्ल्याच्या शर्यती सातला, सगळ्यात आधी.

वेळ कशी घ्यायची

स्टॉपवॉच आवाजावर सुरू करायचं नाही. ६० मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाला आवाज साधारण १७ शतांश सेकंद उशिरा ऐकू येतो आणि मुलाची वेळ तेवढी ‘सुधारते’. पिस्तुलाचा धूर किंवा क्लॅपरच्या फळ्या मिटताना पाहून बटण दाबा. क्लॅपर गडद रंगाचा असेल तर त्याच्या आतल्या बाजूंना पांढरा रंग द्या, उन्हात लांबून दिसतो. थांबवताना छाती पाहायची, डोकं, हात किंवा पाय नाही. छातीने अंतिम रेषेची अलीकडची कड गाठली की बटण.

हातघड्याळाची वेळ पुढच्या दशांशाला चढवतात: ८.४३ आली तर नोंद ८.५. कितीही जीव तुटला तरी ८.४ लिहायची नाही. विक्रमाची शक्यता असेल तर पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळं लावा. दोन जुळली तर ती वेळ धरा, तिन्ही वेगळी आली तर मधली. घड्याळं दोनच असतील आणि वेगळी आली तर जास्त असलेली वेळ धरावी.

क्रमांकासाठी मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ फार उपयोगी पडतो, पण मोबाइल स्टँडवर, अंतिम रेषेच्या अगदी सरळ रेषेत हवा. अर्धा मीटर पुढेमागे असला तर कॅमेऱ्याजवळचा मुलगा आणि पलीकडचा मुलगा यांची तुलना चुकते. त्यावरून वेळ काढत बसू नका.

लांब उडी आणि गोळाफेक

उडीच्या खड्ड्यातली वाळू आदल्या संध्याकाळी खोदून ओली करा. कोरडी वाळू खुणा धरत नाही. माप उडीच्या रेषेकडे सर्वांत जवळच्या खुणेपासून रेषेला काटकोनात घ्यायचं आणि सेंटीमीटरचा अपूर्णांक सोडून द्यायचा. वाळूत मागे टेकलेला हात मोजला जातो, हे मुलांना आधी सांगा. पाचवी-सहावीच्या मुलांना २० सेंटीमीटरची फळी सापडतच नाही आणि फाउलमध्ये त्यांचा हिरमोड होतो. त्यांच्यासाठी एक मीटरची पट्टी फक्कीने भरा आणि पाऊल उमटलं तिथून मोजा. मात्र ही वेगळी स्पर्धा आहे, तिची नोंदही वेगळी ठेवा.

गोळाफेकीचं वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं असतं. फेकीचा कोन कोनमापकाशिवाय काढता येतो: केंद्रापासून दोन्ही रेषांवर २० मीटर मोजा, त्या दोन बिंदूंमधलं अंतर १२ मीटर आलं की कोन बरोबर. गोळा परत फेकायचा नाही, हातात आणायचा, यात सूट नाही. गोळ्याचं वजन आणि १४, १७, १९ वर्षांखालील गटांची जन्मतारीख त्या वर्षीच्या जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या परिपत्रकातून घ्या, म्हणजे शाळेत जिंकलेलं मूल तालुक्याला वेगळ्याच गोळ्याने गोंधळत नाही.

नववीची मुलं आणि सेवेचे तास

दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर असते, म्हणून कामाला नववी घ्या. स्काउट-गाइड आणि आरएसपीची (रस्ता सुरक्षा दल) मुलं असतील तर उत्तम. सहा लेनना सहा वेळाधिकारी, क्रमांक पाहायला दोन, स्पर्धक गोळा करायला तीन, नोंदींना दोन, वाळू सारखी करायला दोन, पाणी आणि प्रथमोपचाराला चार. साधारण वीस मुलांत दिवस निभतो. पण त्यांना एक आठवडा आधी घड्याळ हातात द्या. एकाच शर्यतीची वेळ सगळ्यांनी घ्यायची आणि ताडून पाहायची. सतत दोन दशांशांहून जास्त चुकणाऱ्याला दुसरं काम द्या, त्याला न लाजवता.

सेवेचे तास सरसकट ‘२० तास’ लिहून वाटू नयेत. काम, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि शिक्षकांची सही त्याच दिवशी, त्याच पानावर घ्या. आठवडाभराने भरलेली वही कोणाच्याच कामाची नसते आणि खरोखर राबलेल्या मुलावर तो अन्याय होतो.

नोंदवही

प्रत्येक विक्रमापुढे तारीख, गट, प्रकार, वेळ किंवा अंतर, मैदान आणि ‘हातघड्याळ’ की ‘इलेक्ट्रॉनिक’ हे लिहा. १०० आणि २०० मीटरला हातघड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा ०.२४ सेकंदाने कमी धरण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे दोन्ही एका यादीत मिसळू नका. नाव जनरल रजिस्टरमध्ये आहे तसंच, वडिलांच्या नावासह लिहा. प्रमाणपत्रावर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर पुढे क्रीडागुणांच्या प्रस्तावाच्या वेळी पालकांना हेलपाटे पडतात. ‘प्रथम क्रमांक’ एवढंच छापलेलं प्रमाणपत्रही अपुरं आहे. त्यावर वेळ लिहिलेली असली की ते मूल पुढच्या वर्षी स्वतःशीच शर्यत लावतं.

शाळेचा ट्रॅक झाला की वायर, टेप आणि तीच नववीची मुलं शेजारच्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत न्या. सेवेचे तास यात खरे सार्थकी लागतात. त्यांचं मैदान लहान असेल, त्रिज्या नवी काढावी लागेल. पण स्टॅगर त्रिज्येवर अवलंबून नसतो, फक्त लेनच्या रुंदीवर असतो. १.२२ ची लेन असेल तर तेच ७.६७, १५.३३, २३.०० आणि जागेअभावी एक मीटरची लेन केलीत तर ६.२८, १२.५७, १८.८५. एवढे सहा आकडे पुठ्ठ्यावर लिहून टेपसोबत द्या.